अपील म्हणजे दुसरा डाव नव्हे

लघुलेखक (निवृत्त)

“इथं हरलो तर हरलो, वर उडवून टाकू.” सेशन्स कोर्टात एकतीस वर्षं लघुलेखक म्हणून काढली, व्हरांड्यात हे वाक्य रोज कानावर पडायचं. माझं मत उलट आहे. साक्षीदारावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याने त्याला समोर बघितलं त्याने ठरवावं. वरच्या कोर्टाने कायदा तपासावा, माणूस तपासू नये.

का, ते सांगतो. एका खुनाच्या खटल्यात मयताची भावजय साक्षीला होती. उलटतपासात वकिलांनी विचारलं, अंधारात कोयता कुणाच्या हातात होता ते तुम्हाला दिसलं कसं? बाई गप्प. पिंजऱ्याच्या कठड्यावरचा रंग नखाने खरवडत राहिली. मग तिने सासऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “दिसलं.”

मी काय टंकलं? ‘मी आरोपीच्या हातात कोयता पाहिला. हे म्हणणे खरे नाही की, अंधार असल्यामुळे मला काही दिसले नाही.’ बस्स. ना तो प्रश्न, ना ते गप्प राहणं, ना सासरा. दंड प्रक्रिया संहितेच्या कलम २८० प्रमाणे साक्षीदाराच्या वागण्यावर शेरा लिहिता येत होता. माझ्या हातून असे दहा शेरेही गेले नसतील. हायकोर्टापुढे जातं ते ‘हे म्हणणे खरे नाही की’चं पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या कागदांचा बांधलेला संच. त्यावरून कोण खरं बोललं ते ठरवणार? १९३४ साली शिवस्वरूप खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनेही (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं अपील कोर्ट) बजावलं होतं की, ज्याने साक्षीदार पाहिले त्या न्यायाधीशाचा निष्कर्ष बदलताना हात आखडता ठेवा.

काळा कोट

काका, शिवस्वरूप अर्धाच सांगितलात. निर्दोष सुटकेविरुद्धच्या अपिलातसुद्धा हायकोर्टाला सगळा पुरावा नव्याने तपासायचा पूर्ण अधिकार आहे, हे त्याच निकालात आहे. फक्त तो वापरताना काय ध्यानात ठेवायचं ते सांगितलंय: साक्षीदारांबद्दल खालच्या न्यायाधीशाचं मत, आरोपी निर्दोष असल्याचं गृहीतक, संशयाचा फायदा. पुढे २००७ मध्ये चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटकात सुप्रीम कोर्टाने ते नीट मांडलं. पुराव्यातून दोन वाजवी अर्थ निघत असतील आणि खालच्या कोर्टाने सुटकेचा घेतला असेल, तर वरच्याने त्याला हात लावू नये. म्हणजे तुम्हाला हवी ती लगाम सुटकेच्या बाबतीत आहेच.

शिक्षा झालेल्याच्या अपिलाचं गणित वेगळं. तो आत बसलाय. त्याचा कागद न् कागद वाचणं हे हायकोर्टाचं कर्तव्यच. फाशीत तर आरोपीने अपील केलं नाही तरी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अंमल होत नाही. १ जुलै २०२४ पासून दंड प्रक्रिया संहितेच्या जागी नवी संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, हे बदललं नाही.

आणि एक विचारतो. त्या बाईची नखं ज्या साहेबांनी पाहिली, निकाल त्यांनीच दिला का?

लघुलेखक (निवृत्त)

नाही. मध्येच साहेबांची बदली झाली. पुढच्यांनी मी टंकलेलं वाचून निकाल दिला. जुन्या दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ३२६ मध्ये ते बसत होतं.

पण हा बदल्यांचा दोष झाला. अर्धा पुरावा झाल्यावर न्यायाधीश उचलू नयेत, एवढं करा की.

काळा कोट

मग ‘प्रत्यक्ष पाहिल्याचा’ मुद्दा राहिला कुठे? खाली वाचलं एकाने, वर वाचलं दोघांनी. मी तरी दोघांच्या खंडपीठावर जास्त भरवसा ठेवीन. शिवाय नखं खरवडणारी बाई खोटारडीच असते का? कोर्टाची पायरी पहिल्यांदा चढलेलं माणूस घाबरतं. सराईत खोटारडा नजरेला नजर देऊन बोलतो.

सातबारावाला

काकांना हवंय ते दिवाणीत १९७६ च्या दुरुस्तीपासून आहेच. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १००, दुसरं अपील. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच हायकोर्ट ऐकणार, काय घडलं याचा वाद खालच्या दोन कोर्टांतच संपला. त्याचं काय होतं ते आमच्या घरात बघा.

वाटपाचा दावा. चुलते म्हणतात तोंडी वाटणी कधीच झाली, पुरावा काय तर एक जुना फेरफार, म्हणजे तलाठ्याकडची जमिनीच्या हक्कबदलाची नोंद. पहिल्या कोर्टाने सतरा पानं लिहून तो फेरफार अमान्य केला: आजोबांची सही नाही, नोटिशीची पोच नाही, पुढची दहा वर्षं जमीन एकत्रच कसली. जिल्हा न्यायालयात चुलत्यांचं अपील. निकाल अडीच पानांचा. ‘फेरफार अनेक वर्षे कोणी आव्हानित केलेला नाही, सबब वाटणी सिद्ध होते.’ सही, पोच, एकत्र कसणं, एका शब्दानेही उल्लेख नाही.

हायकोर्टात आमचे वकील पुरावा सांगायला लागले, तर पहिल्याच मिनिटाला प्रश्न: “कायद्याचा प्रश्न कोणता, ते बोला.” शेवटी त्याच संहितेच्या ऑर्डर ४१ नियम ३१ ने तारलं. अपील कोर्टाने मुद्दे काढून त्यांवर कारणं द्यायची असतात. २००१ च्या संतोष हजारी निकालात तर स्पष्टच आहे की, खालचा निकाल फिरवायचा तर त्यातल्या कारणांना भिडावंच लागतं. अकरा वर्षांनी आमच्या बाजूने लागलं. काय लागलं? रिमांड, म्हणजे प्रकरण फेरनिर्णयासाठी परत खाली. तेच अपील, तेच जिल्हा न्यायालय, पुन्हा पहिल्यापासून. या काळात दोन चुलते वारले, वारस लावता लावता नावांची यादी पानभर झाली.

म्हणून म्हणतो, ‘वरच्याने फक्त कायदा बघावा’ हे ऐकायला गोड आहे. अडीच पानं लिहिणाऱ्याच्या हाती शेवटचा शब्द जातो.

निलंबित

आम्हा नोकरदारांना अडीच पानंही मिळत नाहीत. मी एका संस्थेच्या भांडारात कारकून होतो. साठ्यात तूट निघाली. फौजदारी खटला आणि खात्यांतर्गत चौकशी बरोबरच चालली. फौजदारीत निर्दोष सुटलो. चौकशीत दोषी, बडतर्फ. हायकोर्टात रिट याचिका केली तर उत्तर मिळालं, आम्ही इथे अपील ऐकत नाही. तेच साक्षीदार, तोच साठा रजिस्टर. एकच माणूस एका इमारतीत चोर आणि दुसरीत नाही?

काळा कोट

तुमचा राग समजतो, पण हे तसंच चालतं. फौजदारीत वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं, खात्याच्या चौकशीत शक्यतेचं पारडं झुकलं की पुरे. १९९५ च्या बी. सी. चतुर्वेदी निकालापासून सूत्र हे: चौकशी नियमांनुसार झाली का, निष्कर्षाला काहीतरी पुरावा आहे का, आणि शिक्षा सदसद्विवेकाला धक्का देण्याइतकी अवाजवी आहे का, एवढंच कोर्ट बघतं. अपवाद आहे. १९९९ च्या पॉल अँथनी खटल्यात दोन्हीकडे वस्तुस्थिती आणि पुरावा एकच होता, चौकशी एकतर्फी झाली होती, तिथे सुप्रीम कोर्टाने माणसाला परत घ्यायला लावलं. तुमची चौकशी एकतर्फी होती का?

निलंबित

नव्हती. हजर होतो, सह्या केल्यात.

काळा कोट

मग अवघड आहे. खोटी आशा लावत नाही.

वाचनवेडी

सगळे ‘वर’ शहाणे बसलेत असं धरून चाललेत, म्हणून लिहिते. देसाईगंज पोलीस ठाण्यातलं १९७२ चं प्रकरण. आदिवासी मुलीवरच्या बलात्काराचा खटला, आरोपी दोन पोलीस. सेशन्स कोर्टाने १९७४ मध्ये सोडलं. नागपूर खंडपीठाने तीच साक्ष वाचून दोषी ठरवलं: भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीच साक्ष वाचून पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नव्हत्या ना! पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. तीन कोर्टं, कागद तोच. मधल्याने बरोबर वाचला. वकीलसाहेब, जास्त डोळे असले म्हणजे नीट वाचलं जातं असं नाही. काका, आणि ‘प्रत्यक्ष पाहणाऱ्या’ सेशन्स कोर्टाने तरी काय पाहिलं?

काळा कोट

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सातबारावाला

काका, त्या कोयत्याच्या खटल्याचं पुढे काय झालं?

लघुलेखक (निवृत्त)

जन्मठेप. चार वर्षांनी हायकोर्टात सुटला. निकालाची प्रत आली तेव्हा मुद्दाम वाचली. बाईबद्दल एक वाईट शब्द नव्हता. घटनास्थळाच्या पंचनाम्यात दिव्याचा उल्लेख नाही, आणि फिर्यादीप्रमाणे घटना अमावास्येच्या रात्रीची, एवढ्यावर सोडला होता. तो पंचनामा माझ्या टेबलावर दोन वर्षं पडून होता. मी वाचला नव्हता.