‘खडी गंमत’ म्हणजे स्टँडअप का?

साकोलीकर: परवा हायवेवरच्या एका ढाब्याच्या माळ्यावर नवीन कॉमेडी क्लब सुरू झाला, तिथे गेलो होतो. दीडशे रुपये तिकीट, चाळीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या, एक माइक आणि नागपूरहून आलेला एक पोट्टा. घरी आल्यावर मामांनी विचारलं, “काय पाहून आला बे?” एक माणूस उभ्यानं बोलते, लोक हासतेत, इतकं सांगेपर्यंत ते म्हणाले, “म्हणजे खडी गमतच ना!” खडी गंमत हा आमच्याकडचा लोकनाट्याचा प्रकार, पण स्टँडअपलाही शब्द तर चपखल बसतो. मग आपण तो का वापरत नाही?

पुण्याहून: मला आधी रस्त्यावर टाकतात ती खडी वाटली.

साकोलीकर: तिले आमच्याकडे गिट्टी म्हणतात, म्हणून आमचा घोटाळा होत नाही. हा ‘खडा’ म्हणजे उभा. खडा पहारा, खडी चढण, खडी ताजीम यांतला.

दर्यापूरची: ‘खडे बोल’ मात्र उभ्यानंच सुनवावे लागत नाहीत, बसूनही सुनावता येतात!

पण भाऊ, मामांशी मी सहमत नाही. खडी गंमत एकट्याची नसते. शाहीर लागतो, ढोलकी, डफ, तुणतुणं लागतं, लुगडं नेसलेला नाच्या लागतो. आधी गण-गौळण, मग पुढचं. ‘खडी’ शब्दाला भुलून तो अख्खा ताफा पुसून टाकायचा का? त्या शब्दाच्या घरात आधीच माणसं राहतात.

पुण्याहून: मग ‘एकपात्री’ म्हणा.

दर्यापूरची: तेही नाही. एकपात्रीत माणूस दहा जणांची सोंगं घेतो. स्टँडअपवाला स्वतःच्याच नावानं, स्वतःच्याच बापाबद्दल बोलत असतो.

साकोलीकर: पटलं. पण मला ‘खडी’पेक्षा ‘गंमत’ जास्त महत्त्वाची वाटते. बाकी महाराष्ट्रात गंमत वाटते, येते किंवा केली जाते. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गंमत *असते*. भाऊबीजेनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की “आज रात्री गमत हाये” म्हणजे खेळ आहे, घोंगडं घेऊन निघा. तसंच ‘मजा घेणे’. “त्यानं माही मजा घेतली” म्हणजे माझी फिरकी घेतली.

त्या पोट्ट्यानंही पहिल्या रांगेतल्या कृषी केंद्रवाल्याची मजा घ्यायला सुरुवात केली. “काका, युरिया भेटते का?” काका जागचे हलले नाहीत. म्हणाले, “भेटते. पण तुहे दोन जोक लिंकिंगमध्ये घ्या लागतीन.” ज्यांनी युरियाच्या एका थैलीपायी अशीच ‘लिंकिंग’मध्ये गळ्यात मारलेली, नको असलेली औषधं उचलली आहेत, ते सगळे खुर्च्या बडवायला लागले. पोट्ट्याची पाटी कोरी. रात्रीतला सगळ्यात मोठा हशा तोच, आणि तो तिकीट काढून आलेल्या माणसाचा!

तेवढ्यात मागून एक म्हातारबा उठले, सरळ माइकपाशी गेले आणि दहाची नोट पुढे केली. पोट्ट्याला वाटलं, काहीतरी पडलं असावं. त्यानं ती परत द्यायला हात पुढे केला.

दर्यापूरची: अरे देवा! शाहिरानं ती कपाळाला लावून देणाऱ्याचं नाव पुकारलं असतं.

साकोलीकर: म्हातारबा तेच ऐकायला उभे होते. शेवटी नोट काकांच्या हातात देऊन खाली बसले.

मामा म्हणतात, पुढच्या खेपेला मले घेऊन चाल. पण गमत खडी आन् पाहणारे खुर्चीवर, हे कायले?