पुरस्कार पाण्याच्या पंपावरच्या मामांनाही द्या

पर्यावरणासाठी झटणाऱ्या कर्मचाऱ्यांना विद्यापीठाने विभागवार पुरस्कार द्यावा, ही सूचना वाचली आणि पटली. पण विभाग म्हटलं की नाव प्राध्यापकांचंच पुढे येणार. नॅक, म्हणजे विद्यापीठांचा दर्जा ठरवणारी संस्था, तिच्या मूल्यांकनासाठी हरित ऑडिटची (परिसर किती पर्यावरणपूरक आहे याच्या तपासणीची) फाइल सर तयार करतात; टाकी भरून वाहायच्या आत मोटार बंद करणारे मामा त्या फाइलीत नसतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्यात हे काम किरकोळ कसं म्हणायचं? कडुनिंबाचा पाला न पेटवता खड्ड्यात नेऊन टाकणाऱ्या मावशी बहुतेक कंत्राटी, म्हणजे नियमावलीत बसणारच नाहीत. आधी कायम नोकरीची ती अट काढा. आणि शाल-श्रीफळ नको हो, रोख द्या, नाहीतर निदान धड दाताळं आणि हातमोजे तरी.