अ‍ॅपलेशियाचा कोळसापट्टा तिथली माणसं स्वतः सावरू शकतील का?

धागालेखक:
अ‍ॅपलेशिया म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडचा डोंगराळ पट्टा. तिथल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या मॅकडॉवेल कौंटीत, म्हणजे जिल्ह्यात, 1950 साली जवळपास 99 हजार लोक राहत होते. 2020च्या जनगणनेत उरले 19 हजार. कोळसा तर अजूनही जमिनीत आहे! आधी यंत्रांनी हात कमी केले, मग पश्चिमेकडच्या वायोमिंगच्या उघड्या खाणींतला स्वस्त कोळसा आला, शेवटी शेल गॅसने, म्हणजे खडकांतून काढलेल्या नैसर्गिक वायूने, वीजकेंद्रंच ओढून नेली. 2011 मध्ये अमेरिकेतल्या कोळसा खाणींत सुमारे 90 हजार लोक कामाला होते. 2020 मध्ये निम्म्याहून कमी.

माझं मत स्पष्ट आहे. या भागाचं काय करायचं हे तिथल्याच लोकांनी ठरवावं. वेस्ट व्हर्जिनियातली 'कोलफिल्ड डेव्हलपमेंट' ही संस्था बेकार तरुणांना नोकरीवर घेते: आठवड्याला 33 तास पगारी काम, 6 तास कॉलेजचं शिक्षण आणि 3 तास स्वतःचं आयुष्य मार्गी लावण्यासाठी. काम कसलं, तर पडक्या इमारतींची दुरुस्ती, सौर पॅनेल बसवणं, खणून ठेवलेल्या जमिनीवर शेती. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद 1:
उपक्रम चांगलाच आहे, पण मोजमाप कुणी करणार की नाही? हजारो नोकऱ्या गेल्या तिथे अशा संस्था एका वेळी मूठभरांना हात देतात. त्यातही खाणीतला पगार सौर पॅनेल बसवून मिळत नाही. मला वाटतं आपण गाव वाचवण्याच्या नादात माणसांना अडकवून ठेवतोय. ज्याला दुसऱ्या शहरात जायचंय त्याला घरभाड्याला, प्रशिक्षणाला थेट पैसे द्या. कोळशासाठी वसलेलं गाव कोळशाबरोबर ओसरलं, तर त्यात कुणाचा अपमान नाही.

प्रतिसाद 2:
जाणारे केव्हाच गेले हो. ऐंशी टक्के लोकसंख्या गेली यापेक्षा आणखी काय स्थलांतर हवंय? उरलेत ते म्हातारे, फुफ्फुसात कोळशाची धूळ बसलेले आणि त्यांची काळजी घेणारे. त्यांचं घर विकायला काढलं तर घ्यायला कोण येणार?

लोकांनी एकत्र येऊन काही होत नाही म्हणणाऱ्यांनी ब्रिटनच्या साउथ वेल्समधली टॉवर कोलियरी ही कोळसा खाण पाहावी. 1994 मध्ये सरकारी कंपनीने ती परवडत नाही म्हणून बंद केली. 239 कामगारांनी नुकसानभरपाईतले प्रत्येकी 8 हजार पौंड घातले आणि खाण विकत घेतली. जानेवारी 1995 मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि 2008 पर्यंत चालली.

प्रतिसाद 1:
आणि 2008 मध्ये कोळसा संपला, खाण बंद. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. शिवाय त्यांच्याकडे विकायला कोळसा होता आणि गिऱ्हाईकही होतं. अ‍ॅपलेशियातल्या गावकऱ्यांकडे काय आहे? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एखादा मोठा रोजगारदार आणल्याशिवाय गाडं हलणार नाही.

प्रतिसाद 2:
तेरा वर्षांचा पगार म्हणजे काहीच नाही? तेवढ्यात मुलांची शिक्षणं होतात, घराचं कर्ज फिटतं.

मोठा रोजगारदार मॅकडॉवेलने पाहिलाय. किंबॉल गावातलं मोठं सुपरस्टोअर 2016 मध्ये बंद झालं, तेव्हा नोकऱ्या तर गेल्याच, रोजचा किराणा आणायलाही डोंगर ओलांडायची वेळ आली. एकावर सगळा भार टाकला की तो उठून गेल्यावर हेच होतं. कोळशाने तोच धडा दिला होता.

प्रतिसाद 3:
दोन्ही बाजू जमिनीबद्दल बोलतच नाहीत, म्हणून लिहितोय. अ‍ॅपलेशियात वरची जमीन एकाची आणि पोटातलं खनिज दुसऱ्याचं, असे करार शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी झाले. केंटकीत तर त्या जुन्या कागदांच्या जोरावर कंपन्या शेतकऱ्याच्या संमतीशिवाय त्याचा डोंगर सोलून काढत. 1988 मध्ये मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून ते थांबवलं. मात्र जमिनीचा मोठा हिस्सा आजही बाहेरच्या मालकांकडे आहे. गावाने बेकरी काढायची, शेती करायची, घरं बांधायची म्हटलं तर सपाट तुकडा कुठला मिळणार? तिथे सपाट जमीन म्हणजे बरेचदा डोंगरमाथा उडवून उरलेली, आणि ती कंपनीची.

धागालेखक:
प्रतिसाद 3, हे मी मांडायला हवं होतं. राहून गेलं, आणि ही चूक लहान नाही.

पैशाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. कोलफिल्ड डेव्हलपमेंटच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या आघाडीला 2022 मध्ये केंद्र सरकारकडून सुमारे 6 कोटी 28 लाख डॉलर मिळाले. 'मग हे लोकांचं कसलं, सरकारचंच की' असं कुणी म्हणेल. या डोंगरांनी शंभर वर्षं देशाच्या भट्ट्या पेटत्या ठेवल्या. तो पैसा भीक नाही. फरक पडतो तो खर्च कोण ठरवतं याने. 1965 पासून अ‍ॅपलेशियन रीजनल कमिशन ही या भागाच्या विकासासाठीची सरकारी संस्था आहे, सुरुवातीचा त्याचा बराचसा निधी महामार्गांवर गेला. रस्ते हवेच होते. पण त्याच रस्त्यांनी तरुण बाहेर गेले.

प्रतिसाद 1:
ठीक. सार्वजनिक पैसा आणि स्थानिक निर्णय हे मला मान्य होऊ शकतं, पण हिशेब उघडा हवा. किती जणांना काम मिळालं आणि अनुदान संपल्यावर त्यातले किती टिकले, हे दरवर्षी गावासमोर ठेवायचं. गावचेच लोक आहेत म्हणून कुणी विचारत नाही, असं व्हायला नको.

प्रतिसाद 3:
उघडा हिशेब जमिनीचाही मागा. 2021च्या पायाभूत सुविधा कायद्यात सोडून दिलेल्या जुन्या खाणींच्या साफसफाईसाठी 11.3 अब्ज डॉलर ठेवलेत. हे 1977 पूर्वीच्या खाणींसाठी; खाणीनंतर जमीन सावरणं कंपनीवर बंधनकारक करणारा कायदा त्या वर्षी झाला. बुलडोझर चालवणं, नाले साफ करणं, झाडं लावणं ही कामं खाणकामगारांना येतात आणि ती तिथेच करावी लागतात. पण लोकांच्या पैशाने साफ झालेली जमीन पुन्हा जुन्याच मालकाच्या नावावर राहणार असेल, तर गावाच्या हाती काय लागलं? मी तर म्हणेन, साफसफाईचा करार करतानाच त्या जमिनीवर गावाचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा लिहून घ्यावा.

प्रतिसाद 2:
आणि 1977 नंतरच्या खाणींचं काय? त्यांच्या साफसफाईसाठी कंपनीने आधीच हमी रक्कम ठेवायची असते. कंपनी दिवाळखोर झाली की कित्येकदा ती पुरत नाही. 2019 मध्ये केंटकीतल्या हार्लन कौंटीत अशाच एका दिवाळखोरीनंतर पगाराचे चेक परत आले, तेव्हा कामगार कोळशाच्या गाडीसमोर रुळांवर जाऊन बसले. त्यांना भाडेपट्टा लिहून कोण देणार?