डिझेल फायर पंपाची खोली उन्हाळ्यात भट्टी होते, हवा कशी खेळवायची?

नमस्कार मंडळी,

अकोल्याजवळच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) मेंटेनन्स बघतो. आवारात रुईच्या गाठी आणि सरकीचे ढीग, त्यामुळे आगीची धास्ती कायमची. हायड्रंटच्या (आग विझवायच्या पाण्याच्या) लाइनवर मिनिटाला 2,850 लिटरचा डिझेल पंप आहे, इंजिन रेडिएटरवालं.

आठवड्याची अर्ध्या तासाची चाचणी आजवर सकाळी सातला व्हायची, म्हणून कुणाला काही कळलंच नाही. गेल्या शनिवारी मुद्दाम दुपारी दोनला लावली. बाहेर 45 अंश, खोलीत चालू करायच्या आधीच 48. वीस मिनिटांत एअर फिल्टरपाशी 59 आणि कूलंटचा अलार्म वाजायला लागला. चाचणी होती म्हणून बंद केलं. खरी आग असती तर?

खोली 5 बाय 4 मीटर, वर पत्रा, पश्चिमेला शटर. रेडिएटरसमोर दोन फुटांवर भिंत. सायलेन्सर खोलीतच, उघडा. 18 इंची एक एक्झॉस्ट फॅन आहे, पण हवा आत यायची जाळी त्याला अगदी खेटून, आणि ती रुईच्या फुकीने, म्हणजे उडणाऱ्या बारीक तंतूंनी, बुजलेली.

ठेकेदार म्हणतो दीड टनाचा एसी बसवा. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो आणखी दोन एक्झॉस्ट लावा. सेफ्टीवाले म्हणतात रेडिएटर काढून हीट एक्स्चेंजर (हवेऐवजी पाण्याने इंजिन थंड करणारा) घ्या. कुणाचं ऐकू?

पंपोबा:
एसीचं नाव काढू नका. दीड टन म्हणजे साधारण 5 किलोवॅट. एवढं इंजिन नुसत्या अंगातूनच 10-12 किलोवॅट ओकतं, रेडिएटरची उष्णता वेगळीच. शिवाय आग लागली की पहिल्यांदा मेन वीज तोडतात. एसी गेला, एक्झॉस्टही गेले. डिझेल पंप ठेवलाय तो त्याच वेळेसाठी ना?

इंजिनाचा स्वतःचा फॅन कामाला लावा. रेडिएटरसमोरची भिंत फोडा, मधे कॅनव्हासचा डक्ट टाकून गरम हवा थेट बाहेर काढा. आत्ता तीच हवा भिंतीवर आपटून परत रेडिएटरमध्ये शिरतेय. भोकावरच्या लूव्हरच्या तिरक्या पट्ट्या जागा खातात, म्हणून भोक रेडिएटरच्या दीडपट ठेवा. हवा आत घ्यायची ती त्याच्या विरुद्ध बाजूने, खालून, शक्यतो उत्तरेकडून, आणि ते भोकही तेवढंच मोठं. नाहीतर खोलीत ओढ बसून इंजिनच गुदमरेल.

नोझल:
एनएफपीए 20 (फायर पंपांचं अमेरिकन मानक) प्रमाणे पूर्ण लोडवर एअर फिल्टरपाशी 49 अंशांच्या वर जायला नको. बाहेर 45 म्हणजे तुमच्या हातात फक्त 4 अंश. 12 किलोवॅटसाठी तासाला जवळजवळ 10 हजार घनमीटर हवा लागते. डेटाशीटमध्ये रेडिएटर फॅनचा आकडा तपासा. सायलेन्सर बाहेर काढा, आतल्या पाइपला ग्लासवूल गुंडाळा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी काम तेच. 25 अंशांच्या वर दर 5.6 अंशांना इंजिनाची ताकद 1 टक्का घटवून धरतात, तेही हिशोबात घ्या.

हीट एक्स्चेंजर चांगलाच. पंपाच्याच पाण्यावर थंड होतो आणि वाया जाणारं पाणी डोळ्याला दिसतं. पण मग इंजिनाचा फॅन गेला. अंगातली उष्णता काढायला विजेचा पंखा आलाच, तोही आगीत चालू राहील अशा वेगळ्या फीडरवर (विजेच्या स्वतंत्र लाइनवर). तुमच्याकडे तशी सोय आहे का?

धागाकर्ता:
वेगळा फीडर नाही, म्हणजे रेडिएटरच राहील. भिंत फोडायला मालकांनी मान डोलावली आहे, फॅन पुशरच (हवा रेडिएटरमधून बाहेर ढकलणारा) आहे हेही पाहून घेतलं.

आता प्रश्न फुकीचा. बारीक जाळी लावली तर सीझनमध्ये एका पाळीत बुजते, मोठी लावली तर सगळं रेडिएटरच्या बारीक पट्ट्यांत जाऊन बसतं. तुमच्यापैकी कुणी जिनिंगमध्ये असाल तर काय वापरता?

पंपोबा:
उंदीर-पाखरं अडतील एवढी मोठ्या छिद्रांची जाळी भिंतीला पक्की. तिच्या बाहेर बारीक जाळीची हाताने सरकवता येणारी चौकट, आणि मूळ भोक दुप्पट, म्हणजे अर्धी बुजली तरी निभावतं. दर पाळीला वॉचमनने झाडू मारायचा. आणि चाचणी दुपारी दोनलाच ठेवा, वॉचमन कितीही कुरकुरला तरी.