विषय: गावच्या गणपतीचं जेवण, आधी काय करून ठेवता येईल?

नमस्कार मंडळी,
यंदा गणपतीची पाळी आमच्याकडे. मस्कतहून आम्ही चतुर्थीच्या तोंडावरच मालवणात पोचतोय. चतुर्थीला पंचवीस-तीस पान, गौरीला त्याहून जास्त. सासूबाईंना आता चुलीपाशी फार वेळ उभं राहवत नाही. इथे मंडळाच्या दिवाळीला आपण सगळं आदल्या रात्री करून फ्रीझरमध्ये टाकतो. मोदकांचं तसं चालेल का?
– मालवणची सून

अगं, मोदक आदल्या दिवशी नकोच. नैवेद्याला शिळं चालत नाही, हे सासूबाईच तुला आधी सांगतील. शिवाय भाद्रपदात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. निवृत्तीनंतर कुडाळला परतले तेव्हापासून माझा फ्रीझर म्हणजे डब्यांचं कपाट झालाय.

आधी करायचं ते कोरडं, ओलं सगळं त्या दिवशी. पिठीसाठी तांदूळ धुऊन सावलीत वाळवावे लागतात आणि पाऊस लागला की ते वाळता वाळत नाहीत, म्हणून घरी आत्ताच फोन कर. मालवणी वड्यांचं पीठही जाडसर दळून ठेवायला सांग. ऐन सणाच्या तोंडावर गिरणीत रांग असते. नारळ सोलून ठेवायचे, पण शेंडी ठेवून. खोवायचे मात्र आयत्या वेळी, नाहीतर खोबरं आंबतं. सारण (2 वाट्या खोबऱ्याला 1 वाटी गूळ) रात्री करायचं की पहाटे, ते तुमच्या घरचं सोवळं किती कडक त्यावर.

उकडीत घाई नको. जेवढी पिठी तेवढंच पाणी, त्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तेल. उकळी आली की पिठी वैरायची, झाकण ठेवून वाफ आणायची आणि हाताला सोसेल इतकी गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळायची. सगळी एकदम काढलीस तर शेवटच्या पाऱ्या चिरतात. 2-2 वाट्यांची काढ, गोळा ओल्या फडक्याखाली ठेव. एकीने पारी करायची, दुसरीने सारण भरून कळ्या पाडायच्या. खाली हळदीचं पान घालून 10-12 मिनिटं वाफव.

काळे वाटाणे आदल्या रात्री भिजत घाल. विसरलीस तर सकाळी कुकरच्या कितीही शिट्ट्या घे, ते टणकच राहतात.

गौरीला तिखटाचा नैवेद्य असेल तर खाटकाला आधीच सांगून ठेव, त्या दिवशी अख्खा गाव तिथेच असतो. मसाला आधी करून ने. कांदा-खोबऱ्याचं वाटप मात्र आधी नाही जमायचं, निदान आमच्याकडे तोवर घरात कांदा चिरत नाहीत. वड्यांचं पीठ सकाळीच गरम पाण्यात भिजवून झाकून ठेव.
– कुडाळची ताई

ताईंना पूर्ण अनुमोदन. माझी भर दोनच गोष्टींची. भरलेला जादा सिलिंडर आधी घरात आणून ठेवा, मोदकपात्र चढवल्यावर गॅस संपला तर शेजाऱ्यांकडेही मागायची सोय नाही, त्यांचंही तेच चाललेलं असतं. आणि खतखत्याच्या, म्हणजे आपल्या मिश्र भाजीच्या, भाज्या चिरणं हे पुरुषांकडे द्या. सुरण चिरताना हाताला तेल लावायला सांगा. त्यात मसाल्याची तिरफळं मात्र मोजून टाका, हौशी हात पडला की दिवसभर जीभ बधिर.
– जुने सभासद, सध्या वेंगुर्ला

ताई, काका, मंडळ आभारी आहे! फ्रीझर रद्द. सासूबाईंना फोन केला तर त्यांनी तांदूळ माळ्यावर पंख्याखाली पसरलेसुद्धा, वर मलाच विचारलं की गूळ कुठला आणणार आहेस. आता प्रश्न कळ्या पाडणाऱ्या दुसऱ्या बाईचा. मंडळाच्या या यादीतलं कुणी त्या आठवड्यात मालवणाकडे असेल तर कळवा. जेवायला तर बोलावतेच आहे, पण सकाळी 7 ला यावं लागेल.
– मालवणची सून