फळमाशी: सापळे भरतात, तरी आंब्यात अळ्या का?

प्रश्न (आजरा):
आमच्या आंबा-पेरूच्या बागेत मिथाईल युजेनॉलचे कामगंध सापळे लावले आहेत. त्यांत माश्यांचा खच पडतो. तरीही वळीव सुरू झाला की आंब्यांत अळ्या निघतातच. घरचा गूळ मुबलक आहे, तेव्हा गुळाच्या पाण्यात कीटकनाशक मिसळून फवारल्यास उपयोग होईल का?

उत्तर १ (गडहिंग्लज):
मिथाईल युजेनॉलकडे केवळ नर आकर्षित होतात. सालीखाली अंडी घालणारी मादी सापळ्याबाहेरच राहते. एक नर अनेक माद्यांना पुरतो, शिवाय शेजारच्या बागेतून मीलन झालेल्या माद्या येतात त्या वेगळ्याच. त्यामुळे एकट्याच्या बागेतले सापळे मला तरी माश्यांची संख्या कधी वाढली हे कळण्यापुरतेच उपयोगी वाटतात. शिवारातल्या सर्वांनी एकाच वेळी लावले तर गोष्ट निराळी.

उत्तर २ (पन्हाळा):
गुळातून माशीला साखर मिळते, परंतु अंडी पक्व होण्यासाठी मादीला प्रथिनांची गरज असते; म्हणून प्रोटीन हायड्रोलायझेटचे (विघटन केलेल्या प्रथिनांचे) कीटकनाशक मिसळलेले आमिष तिला गुळापेक्षा अधिक ओढून घेते. (आपल्या जिल्ह्यात गुळाला नावे ठेवणे अवघडच, पण नुसत्या गुळावर मुंग्या आणि मधमाश्याही येतात.) आमिष झाडभर फवारायचे नसते. माशी स्वतः शोधत येऊन ते खाते, त्यामुळे फळे वगळून बुंध्यावर आणि आतल्या पानांच्या खालच्या बाजूस मोठ्या थेंबांचे ठिपके दिले तरी पुरते आणि औषधही फार थोडे लागते. कोषातून निघालेली मादी लगेच अंडी घालत नाही, मधल्या काळात ती प्रथिनांच्या शोधात असते. म्हणून फळे पाडाला येण्यापूर्वीच सुरुवात करावी आणि वळिवाने धुऊन गेल्यास आमिष पुन्हा द्यावे. फळात शिरलेल्या अळीवर मात्र आमिषाचा काहीही परिणाम होत नाही.

उत्तर ३ (राधानगरी):
जुन्या पत्रकांतले मॅलॅथिऑन या कीटकनाशकाचे आणि गुळाचे मिश्रण डोळे झाकून वापरू नये. औषधाच्या लेबलावर आपल्या पिकाचे नाव आहे का, ते आधी पाहावे. गळालेली फळे रोज वेचून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत, कारण अळी फळातून बाहेर पडून मातीतच कोषात जाते आणि उकिरड्यावर टाकलेल्या फळांतून पुढची पिढी आपल्याच बागेत परतते. बांधावर कारली किंवा दोडक्याचे वेल असतील तर तिथे क्यू-ल्यूर या वेगळ्या गंधद्रव्याचा सापळा लावावा, कारण वेलवर्गीय पिकांवरची फळमाशी मिथाईल युजेनॉलकडे येत नाही.