सोसायटी ग्रुप : पहाटेच्या पळण्यावरून

स्मिता वहिनी, बी-२०२ (सकाळी ६:५२)
सर्वांना नमस्कार. संतोष भावजी, उद्यापासून पहाटे दारात येऊन ह्यांना हाक मारू नका, ही हात जोडून विनंती. गणपतीत डेंग्यू झाला, त्यातून उठतात तोवर नडगी धरली. आता कुठे जरा बरं वाटूलाय तर परवा थेट राजहंसगडावर घेऊन गेलात. काल जिना कठडा धरून उतरले. रात्री तेल चोळायला मी असते, पळणारी मंडळी नसतात.

संतोष, सी-३०१ (६:५८)
वहिनी, गैरसमज होऊलाय. दीपकदादाच म्हणाले, आता दम लागत नाही, चला की. आणि गड चढताना आम्ही चालतच गेलो.

स्मिता वहिनी, बी-२०२ (६:५९)
आणि उतरताना?

वसंत काका, ए-१०१ (७:०१)
मागचं गेट आज परत उघडं. पहाटे जाणारे कडी लावत नाहीत. पार्किंगमध्ये दोन गाई शिरल्या होत्या. कृपया नोंद घ्यावी.

राजू, सी-१०४ (७:०२)
काका, त्यांना पण मॉर्निंग वॉकची सवय लागली असेल की 😄

महेश, सेक्रेटरी (७:०५)
राजू, वहिनी काळजीनं लिहूलाल्यात. थट्टा नको.

सुभेदार काका, बी-००१ (७:१२)
जय शिवराय. दीपकनं मनावर घेऊ नये. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला आम्ही बूट घालून, पाठीवर वजन घेऊन पळालोय. नडगी दुखायचीच. दुखणं अंगावर काढलं की पाय तयार होतो. हल्ली सगळे नाजूक.

अनघा ताई, ए-३०३ (७:३१)
काका, तुमचा मान राखून सांगते. दुखणं अंगावर काढून हाड तयार होत नाही, ते मोडतं. आणि हे पहिल्यांदा लक्षात आलं तेच सैनिकांत. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरानं कवायत करणाऱ्या जवानांच्या सुजलेल्या पावलांबद्दल लिहिलं. तेव्हा एक्स-रे सुद्धा नव्हता. पुढे त्यालाच मार्च फ्रॅक्चर म्हणू लागले, म्हणजे सततच्या दणक्यानं हाडाला जाणारी बारीक चीर.

दीपकदादांचा दम परत आलाय हे खरं असेल. छाती काही आठवड्यांत सुधारते. हाड आणि टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, मात्र मागे राहतात, त्यांना महिने लागतात. परत पळायला लागलेली माणसं नेमकी इथंच फसतात, श्वास म्हणतो पळ आणि पाय अजून तयार नसतो. त्यात गडाचा उतार. उतरताना प्रत्येक पावलाला दणका जास्त बसतो.

दादा, एक करून बघा. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. वीतभर पट्टा दुखत असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट, म्हणजे जास्त ताणानं नडगीची कड दुखणं, चीर नव्हे. एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत कळ येत असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर पळणं बंद आणि आधी हाडाचे डॉक्टर. साधा एक्स-रे पहिल्या काही आठवड्यांत स्वच्छ येऊ शकतो, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

बसवराज अण्णा, सी-२०१ (७:४०)
बरोबर बोलल्या ओ ताई. माझ्या पुतण्याचं असंच झालं. एक्स-रे क्लिअर, नंतर एमआरआयमध्ये सापडलं.

वसंत काका, ए-१०१ (७:४२)
गेटबद्दल कोणीच बोलत नाही. कडी लावायला किती वेळ लागतो?

संतोष, सी-३०१ (७:५०)
काका, आम्ही कडी लावतो. दूधवाला पण तिथूनच येतो, त्याला विचारा. दरवेळी आमच्याच नावानं. टाकीच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

महेश, सेक्रेटरी (७:५१)
टाकीचा विषय मिटलाय. कृपया.

संतोष, सी-३०१ (७:५६)
ठीक. अनघा ताई, आम्ही पण नियमानं चालतोय. दर आठवड्याला १० टक्केच अंतर वाढवायचं, सगळीकडे हेच लिहिलेलं असतं.

अनघा ताई, ए-३०३ (८:१०)
पाच किलोमीटरवाल्याला गडावर नेणं कुठल्या १० टक्क्यांत बसतं? आणि तो आकडा म्हणजे कवच नाही. नेदरलँड्समध्ये नवख्या पळणाऱ्यांचे दोन गट करून बघितलं होतं, एकाला १० टक्क्यांच्या हिशोबानं सावकाश वाढवलं, दुसऱ्याला नेहमीसारखं. अभ्यास २००८ साली छापून आला. दुखापती दोन्हीकडे सारख्याच, साधारण पाचात एकाला. म्हणून मी आकड्यापेक्षा दुसऱ्या दिवशीची सकाळ बघायला सांगते. उठल्यावर कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर मागे यायचं.

सुभेदार काका, बी-००१ (८:१५)
हे मान्य. आमचे उस्ताद सुद्धा सकाळी परेडला चाल बघूनच ओळखायचे कोण लंगडूलाय ते.

राजू, सी-१०४ (८:१७)
मग आता दीपकदादांनी काय, गच्चीत फेऱ्या मारायच्या?

अनघा ताई, ए-३०३ (८:२९)
नाही रे. आधी सपाटीवर अर्धा तास सलग, न दुखता चालता आलं पाहिजे. मग एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, एक दिवसाआड. काँग्रेस रोडचं डांबर नको, व्हॅक्सिन डेपोच्या आवारात झाडांखाली माती आहे. आधी मिनिटं वाढवायची, वेग नंतर, चढ-उतार सगळ्यात शेवटी. आणि रोज पायरीच्या कडेला उभं राहून टाचा वर-खाली, पोटरीत जीव आला पाहिजे. डेंग्यूनंतरचा थकवा आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, तो वेगळाच.

संतोष, सी-३०१ (८:३३)
एक मिनिट पळून चालायचं? असं करून हाफ मॅरेथॉनचे २१ किलोमीटर कधी होणार ओ ताई. मध्ये चाललं की पळणं कसलं.

अनघा ताई, ए-३०३ (८:३८)
चालत-पळत जायची ही पद्धत जेफ गॅलोवेनं रुळवली. तो १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला दहा हजार मीटर धावलेला माणूस.

वसंत काका, ए-१०१ (८:४०)
मागचं गेट आज परत उघडं. पहाटे जाणारे कडी लावत नाहीत. (कोणी वाचलं नसेल म्हणून परत टाकतोय.)

बसवराज अण्णा, सी-२०१ (८:४१)
वाचलं ओ काका 🙏

दीपक, बी-२०२ (दुपारी १:२०)
ऑफिसात होतो, आत्ता बघितलं. माझ्या नडगीवर अख्ख्या सोसायटीनं बोलावं हे मला आवडलेलं नाही, स्मितालाही घरी सांगितलंय. संतोषनं ओढून नेलं नाही, मीच गेलो. तापात पडून होतो तेव्हा खिडकीतून ही पोरं जाताना दिसायची. मला त्यांच्यात परत जायचंय, आणि पूर्ण अंतर पळायचंय.
अनघा ताई, बोट फिरवून बघितलं. वीतभर पट्टा आहे, एका जागी कळ नाही. रात्री ठणकत नाही.

अनघा ताई, ए-३०३ (१:३४)
चांगलं लक्षण आहे, तरी उद्या संध्याकाळी दाखवून जा. बूट पण आणा. किती जुने आहेत?

दीपक, बी-२०२ (१:३६)
लॉकडाऊनच्या आधीचे.

राजू, सी-१०४ (१:३७)
म्युझियममध्ये द्या दादा 😂

संतोष, सी-३०१ (१:५०)
वहिनी, सकाळी जरा तिखट बोललो. हाक मारणार नाही. दादा, आपण गुरुवारी डेपोत भेटू, मी पण तुमच्याबरोबर चालतो.

स्मिता वहिनी, बी-२०२ (२:०५)
गुरुवारी मी पण येणार. मिनिटं मी मोजणार, ह्यांच्या हातात घड्याळ द्यायचं नाही.

बसवराज अण्णा, सी-२०१ (२:०८)
ताई, माझा गुडघा पण बघता का ओ उद्याच?